वजन उतरतं ते कशाचं?

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, अगदी सारखा होता : २२.३. पण चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याने ज्यांना एका ओळीत बसवलं होतं, ती दोन शरीरं आतून पार वेगळी होती.

याज्ञिकांचं हे म्हणणं एका फोटोवर उभं नव्हतं. १९९३ पासून ते आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत होते. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोंची भरत, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोंची. आपली बाळं लहान होती, पण सगळ्या बाजूंनी सारखी लहान नव्हती. त्यांच्यात कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. अंगाने बारीक आणि आतून चरबीचं असं हे शरीर आपण जन्मापासून घेऊन येतो.

वजन कमी करण्याच्या नव्या इंजेक्शनांबद्दल लिहायला बसल्यावर मला आधी हा फोटो आठवतो. आमच्या रायगडात, माणगावात, गोरेगावात, तळ्याला, म्हसळ्याला आता या औषधांचा विषय निघतो. मुंबईला किंवा आखातात कुणी ना कुणी असतंच, आणि ‘माझ्या मित्राचं पंधरा किलो उतरलं’ ही बातमी फोनवरून गावात पोचते. पहिला प्रश्न येतो ‘किती उतरतं?’ असा. त्याचं उत्तर सरळ आहे आणि ते खरंच मोठं आहे. मला काळजी दुसऱ्या प्रश्नाची वाटते, जो फारसं कुणी विचारत नाही : जे उतरतं ते कशाचं वजन असतं?

आधी औषध काय करतं ते पाहू. आपण जेवलो की आतड्याच्या पेशी जीएलपी-१ नावाचं एक संप्रेरक सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं, जठर रिकामं होण्याचा वेग मंद करतं आणि मेंदूला ‘आता पुरे’ असा निरोप देतं. अडचण अशी की हे संप्रेरक रक्तात एकदोन मिनिटांत निम्मं विरून जातं. १९९२ मध्ये अमेरिकेतले डॉ. जॉन एंग यांना गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात जीएलपी-१सारखंच, पण जास्त टिकणारं द्रव्य सापडलं. त्यातून निघालेलं पहिलं औषध २००५ मध्ये मधुमेहासाठी आलं. पुढे डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्क कंपनीने सेमाग्लुटाइड बनवलं. ते निम्मं व्हायला सुमारे आठवडा लागतो, म्हणून टोचणं आठवड्यातून एकदाच पुरतं. ओझेम्पिक आणि वेगोव्ही ही त्याचीच नावं. एली लिली कंपनीचं टिर्झेपटाइड, म्हणजे मौंजारो, जीएलपी-१सोबत आणखी एका संप्रेरकाची नक्कल करतं.

मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं. तेव्हा सर्वांत लहान मात्रेची एक कुपी ३,५०० रुपयांना होती, म्हणजे महिन्याच्या चार कुप्यांचे १४,००० रुपये. वेगोव्ही जून २०२५ मध्ये आलं. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. पेटंट संपलं की देशी कंपन्यांची औषधं येतात आणि किमती उतरतात. ते चांगलंच आहे, कारण हे औषध खऱ्या गरजू माणसांनाही आजवर परवडत नव्हतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिलेक्ट’ या अभ्यासात हृदयविकार असलेले, वजन जास्त असलेले पण मधुमेह नसलेले १७,६०४ जण होते. सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचं प्रमाण २० टक्क्यांनी कमी आढळलं. याला नट्यांचं सौंदर्यप्रसाधन म्हणून झटकून टाकणं अन्यायाचं आहे. तितकाच अन्याय वजन जास्त असलेल्या माणसाला आळशी, खादाड म्हणण्यात आहे. भूक ही इच्छाशक्तीच्या पलीकडची गोष्ट आहे, हे या औषधांनीच सगळ्या जगाला दाखवून दिलं.

आता औषधासोबत आहार-व्यायाम हवाच का, या प्रश्नाकडे येऊ. सेमाग्लुटाइडच्या पहिल्या मोठ्या अभ्यासात १,९६१ लोक होते आणि तो ६८ आठवडे चालला. औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरलं, खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्क्यांनी. पुष्कळ जण यातून अर्थ काढतात की बघा, आहार-व्यायामाने अडीच टक्केसुद्धा उतरत नाही, सगळी करामत सुईची. पण त्या अभ्यासात दोन्ही गटांना दर चार आठवड्यांनी सल्ला मिळत होता, रोजच्या गरजेपेक्षा ५०० किलोकॅलरी कमी खायला सांगितलं होतं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्याफिरण्याचं लक्ष्य होतं. १४.९ हा आकडा औषध आणि सल्ला या दोघांचा मिळून आहे. नुसती सुई टोचून पूर्वीसारखंच जगणाऱ्या माणसाचा तो आकडा नाही.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करायला हवी. पुढच्या एका अभ्यासात औषधाला फार कसून केलेल्या आहार-व्यायामाची जोड दिली. सुरुवातीचे आठ आठवडे तर अगदी मोजकं जेवण होतं. तिथे वजन १६ टक्क्यांनी उतरलं. वेगवेगळ्या अभ्यासांची तुलना जपून करावी लागते, तरी एवढं दिसतं की इतक्या मेहनतीने काट्यावर फारसा फरक पडला नाही. भारतातही असं एक उदाहरण आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना जीवनशैलीतल्या बदलाने आणि मेटफॉर्मिनच्या गोळीने जवळजवळ सारखाच फायदा झाला. दोन्ही एकत्र केले तरी तो वाढला नाही. औषध आणि जीवनशैली यांची बेरीज दरवेळी दोन अधिक दोन अशी होत नाही. ‘औषधासोबत व्यायामही करा’ असं बजावताना डॉक्टर बऱ्याचदा जास्त वजन उतरण्याचं आमिष दाखवतात. ते आमिष फार टिकत नाही, आणि मग रुग्णाचा व्यायामही टिकत नाही.

व्यायाम हवा तो दुसऱ्याच कारणासाठी. सेमाग्लुटाइडच्या त्याच पहिल्या अभ्यासातल्या १४० जणांच्या शरीराची विशेष क्ष-किरणांनी तपासणी झाली होती. उतरलेल्या वजनातला साधारण ४० टक्के भाग चरबीचा नव्हता. त्यात पाणी आणि अवयवांचा वाटा असतो, पण स्नायूही असतात. टिर्झेपटाइडमध्ये हा भाग सुमारे एक चतुर्थांश निघाला. वजन कुठल्याही मार्गाने झपाट्याने उतरलं की थोडे स्नायू जातातच. उपासाने उतरवलं तरी जातात. पण ज्यांच्याकडे स्नायूंची पुंजी मुळातच कमी आहे, अशा याज्ञिकांनी दाखवलेल्या शरीरांना हे नुकसान जड जातं. जेवणानंतर रक्तातली साखर उचलून घेण्याचं सर्वांत मोठं काम स्नायूच करतात. साठीतली बाई जमिनीवरून हात न टेकता उठू शकते की नाही, मोरीत पाय घसरला तर सावरते की पडते, हेही स्नायूंवरच ठरतं.

डेन्मार्कमधला, २०२१ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला यात सर्वांत मोलाचा वाटतो. त्यातल्या लोकांनी आधी आठ आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार घेऊन सरासरी १३.१ किलो वजन उतरवलं. मग १९५ जणांचे चार गट केले : नुसता व्यायाम, नुसतं लिराग्लुटाइड (सेमाग्लुटाइडच्या आधीचं, रोज टोचायचं औषध), दोन्ही एकत्र, आणि यातलं काहीच नाही. वर्षानंतर दोन्ही करणाऱ्यांच्या शरीरातल्या चरबीचं प्रमाण नुसतं औषध किंवा नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जवळजवळ दुपटीने घटलं होतं. अभ्यास संपला, औषध थांबलं, देखरेखीखालचा व्यायामही थांबला. आणखी वर्षभराने सगळ्यांना पुन्हा तपासलं, तेव्हा नुसत्या औषधावर राहिलेल्यांचं वजन जास्त परतलं होतं. औषधासोबत व्यायाम केलेल्यांनी कमावलेलं बरंचसं राखलं होतं.

औषध थांबणार, हे आपल्याकडे धरूनच चालावं लागतं. पैसे संपतात, लग्नकार्य निघतं, मळमळ सहन होत नाही, कधी माणसाला वाटतं की आता झालं. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं, असं त्या पहिल्याच अभ्यासाच्या पुढच्या भागात दिसलं. यात माणसाचा दोष नसतो. वजन घटलं की शरीर भुकेची संप्रेरकं वाढवतं आणि ऊर्जेची काटकसर करतं. औषध असेतो ते दाबलेलं असतं, इतकंच. पण जाताना स्नायूही गेले आणि परत येताना मुख्यतः चरबी आली, तर माणूस त्याच वजनावर पूर्वीपेक्षा कमजोर होऊन पोचतो. दोनतीनदा असं औषध धरलं-सोडलं तर काय होईल याचा विचार करून मला खरंच भीती वाटते.

म्हणून इंजेक्शन चालू असतानाचे महिने फार मोलाचे. भूक शांत असते, गोडाची ओढ कमी असते, नव्या सवयी लावायला इतकी चांगली वेळ पुन्हा मिळत नाही. मात्र इथेच आपल्या ताटाची अडचण येते. आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार भारतीय जेवणातले ६२ टक्के उष्मांक पिठूळ आणि गोड पदार्थांतून येतात, प्रथिनांतून १२ टक्क्यांच्या आसपास. कोकणात तर ताटात आधी भात आणि मग बाकीचं. भूक निम्मी झाली की माणूस काय सोडतो? उसळ सोडतो, मासळीचा वास नको वाटतो म्हणून तीही सोडतो, आणि ‘दोन घास वरणभात खाल्ला, पोट भरलं’ म्हणून उठतो. वजन उतरत असतं, त्यामुळे घरच्यांनाही ते बरंच वाटतं. पण दिवसाकाठी पोटात प्रथिनं नावापुरतीच गेलेली असतात.

वजन उतरवताना तज्ज्ञ साधारणपणे शरीराच्या दर किलोमागे एक ते दीड ग्रॅम प्रथिनं सुचवतात. ७० किलोंच्या माणसाला म्हणजे रोज ७० ग्रॅम तरी हवीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्यावा. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात. त्यासाठी डबाबंद पावडर आणायची गरज नाही, आपल्या रायगडच्या शेतातच पुष्कळ आहे. भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल पेरतात. या कडव्या वालात शंभर ग्रॅममागे वीसहून जास्त ग्रॅम प्रथिनं असतात. कुळथाचंही तसंच. सुकवलेल्या बोंबलात तर शंभर ग्रॅममागे साठच्या आसपास. मीठ मात्र भरपूर असतं, तेव्हा रक्तदाब असणाऱ्यांनी चांगलं धुऊन, थोडंच खावं. थंडीतली पोपटी आठवा : भांबुर्डीच्या पाल्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वर ओवा-मीठ, तेलाचा थेंब नाही. हे इंजेक्शन घेणाऱ्या माणसांसाठी याहून चांगलं जेवण मला सुचत नाही, फक्त बटाट्यांवर हात आखडता ठेवावा.

जेवणाचा क्रम बदलला तरी फरक पडतो. आधी बिरडं, अंडं किंवा मासा, मग भाजी, मग अर्धी तांदळाची भाकरी, आणि जागा उरली तर भात. जठर मंदावलेलं असल्यामुळे वालाने पोट फुगू शकतं, म्हणून मोड आणून, सोलून, मऊ शिजवून, वाटीभराऐवजी दोनतीन चमच्यांपासून सुरुवात करावी. तळलेलं आणि तेलकट मात्र या औषधावर बाधतं. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे याचे नेहमीचे त्रास आहेत आणि मात्रा वाढवताना ते जास्त होतात. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमवर सुरू करून चार चार आठवड्यांनी वाढवतात ते याच कारणाने. लवकर उतरावं म्हणून मधली पायरी गाळू नये.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळच्या जेवणाच्या पद्धतीने आपल्याकडे हजारो लोक जेवतात. त्यातल्या कुणी आता इंजेक्शन सुरू केलं तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. लहान झालेल्या भुकेत दोनच जेवणांतून ७० ग्रॅम प्रथिनं बसवणं कठीण आहे, आणि माझ्या मते या काळात तीनचार छोटी जेवणं जास्त सुरक्षित. श्रावणातले उपास, नवरात्र आणि रमजानचे रोजे यांचाही विचार आधीच व्हावा. साबुदाण्यावर काढलेल्या उपासाच्या दिवसात प्रथिनं जवळपास नसतातच.

आता व्यायाम. चालणं हृदयाला चांगलं, साखरेला चांगलं, पण स्नायू राखायला ते पुरत नाही. त्यासाठी स्नायूंवर भार यावा लागतो, आणि तो हळूहळू वाढावा लागतो. एके काळी भातलावणीला घरातली सगळी माणसं चिखलात वाकायची आणि डोक्यावरून भारे वाहायची. आता कितीतरी खाचरं पडीक आहेत आणि विळे-भागाडच्या कारखान्यात पाळी करणारा तरुण मोटारसायकलवरून जातो-येतो. बाजारपेठेतून जाणाऱ्या महामार्गाच्या कडेने चालायला कुणाला सांगणंही धोक्याचं आहे, आणि जून ते सप्टेंबर पावसामुळे ते शक्यही नाही. म्हणून पडवीतच करता येईल असं काही हवं. खुर्चीवर बसून हात न लावता उठणं, दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा दहा. भिंतीला हात टेकून केलेले दंड. पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन दोन्ही हातांत धरून ओटीवर फेऱ्या. जिन्याच्या पायऱ्या. आठवड्यातून दोनतीनदा, सोपं वाटू लागलं की भार थोडा वाढवून. घरकाम करणाऱ्या बाया म्हणतात की आमचा दिवसभर व्यायामच होतो. त्या दमतात हे खरंच आहे, पण रोज तोच भार असेल तर स्नायू वाढत नाहीत. आणि दमलेल्या बाईला वीस मिनिटं मिळावीत म्हणून घरातल्या इतरांनी भांडी घासावीत, असंही मला सांगायचं आहे.

प्रगती मोजायला काट्यासोबत शिंप्याची टेपही वापरावी. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही आपल्यासाठी धोक्याची रेषा मानतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया बीएमआयच्या मापाने जास्त वजनाच्या निघाल्या. पण कंबर-नितंबांच्या मापाने धोक्यात असलेल्या स्त्रिया ५६.७ टक्के होत्या. याज्ञिकांचा फोटो जणू सगळ्या देशाचा झाला. वजन दर महिन्याला उतरतंय, घेर उतरतोय आणि खुर्चीतून उठणं सोपं होतंय, तर चरबी जाते आहे. वजन उतरतंय पण जिना चढताना मांड्या भरून येतात, पिशवी जड वाटते, तर डॉक्टरांना ते सांगायला हवं. मात्रा कमी करणं हाही उपचारच असतो.

काही गोष्टी इथल्या हवेशी जोडलेल्या आहेत. पेन न उघडता ठेवायचं तर ते २ ते ८ अंशांत, फ्रिजमध्ये. गोठवायचं मात्र नाही. वापरात घेतल्यावर काही आठवडे बाहेर चालतं, पण ३० अंशांच्या आत. एप्रिल-मे मध्ये माणगावची दुपार त्याच्या वर जाते, आणि पावसाळ्यात वीज किती वेळ जाईल याचा भरवसा नसतो. मुंबईहून एसटीने पिशवीत घालून आणलेलं पेन खराब झालेलं असू शकतं, हे डोळ्यांना कळत नाही. उन्हाळ्यात उलट्या-जुलाब झाले तर अंगातलं पाणी झपाट्याने घटून मूत्रपिंडांवर ताण येतो. तेव्हा पेज, ताक, कोकम सरबत थोडं थोडं घेत राहावं आणि तेही पोटात ठरत नसेल तर दवाखाना गाठावा. पोटात जोराची कळ येऊन पाठीकडे सरकत असेल तर ती स्वादुपिंडाची असू शकते, थांबू नये. गरोदर राहायचं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करतात. टिर्झेपटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, तेव्हा सुरुवातीला आणि प्रत्येक मात्रावाढीनंतर चार आठवडे दुसरा उपाय हवा. स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल तर ही औषधं घेऊ नयेत. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट ओझेम्पिकबद्दल इशारा दिला होता, म्हणून कुणी ‘स्वस्तात देतो’ म्हणालं तर औषध बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्यावं. त्याच संघटनेने १ डिसेंबर २०२५ रोजी लठ्ठपणासाठी ही औषधं मान्य करणारं मार्गदर्शन दिलं, तेही नियमित आहार-व्यायामाच्या मार्गदर्शनाची जोड सुचवून.

आणि एक गोष्ट आपल्या भागातल्या माणसांसाठी विशेष महत्त्वाची. मधुमेहाच्या गोळ्या कित्येक जण उपजिल्हा रुग्णालयातून किंवा गावच्या आरोग्य केंद्रातून घेतात, आणि हे इंजेक्शन मात्र पनवेल-पुण्याच्या खासगी डॉक्टरांकडून आणतात. सरकारी गोळ्यांमध्ये बऱ्याचदा ग्लिमेपिराइड असते. ती गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना हे इंजेक्शन सुरू केलं आणि जेवण निम्मं झालं, तर साखर एकदम खाली घसरू शकते : घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ. ग्लिमेपिराइडची मात्रा बहुधा आधीच कमी करावी लागते. म्हणून दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत ठेवाव्यात आणि दोघांनाही त्या दाखवाव्यात. तोवर उशाशी गूळ किंवा ग्लुकोजची पुडी असावी, आणि ती कुठे आहे हे घरातल्या मुलालाही माहीत असावं.